पथ्य आणि प्रायश्चित्त : उपवासाच्या इतिहासातील दोन प्रवाह

राखेचा बुधवार जवळ आला की आपल्या घराघरांतून उपवासाची चर्चा सुरू होते. वडीलधारी मंडळी पूर्वीच्या कडक नियमांची आठवण काढतात. तरुण मंडळी वजन, रक्तशर्करा आणि कोलेस्टेरॉल यांच्या भाषेत बोलतात. एक पिढी उपवासाकडे धर्माज्ञा म्हणून पाहते, तर दुसरी आरोग्याचा उपाय म्हणून. 'लंघनं परमौषधम्' हे वचन मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हणही त्याच्याच तोंडी आहे. उपवासाने शरीराचे भले होते हे त्याला ठाऊक आहे आणि उपवासाच्या नावाखाली माणूस स्वतःची कशी फसवणूक करतो हेही त्याने ओळखले आहे.

मग उपवास हे औषध आहे की प्रायश्चित्त? हा प्रश्न आजचा वाटला, तरी तो ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. ख्रिस्तसभेच्या इतिहासात संतांनी, मठवासीयांनी, वैद्यांनी आणि ईशज्ञान्यांनी त्याचा विचार केला आहे. काहींनी आपल्या शरीराचे हाल करून त्याचे उत्तर शोधले, तर काहींनी अन्न तराजूत तोलून. त्या शोधाचा मागोवा घेतला, तर आपल्या घरातील चर्चेलाही काही दिशा मिळेल.

उपाशी कोण आणि कोणासाठी?

प्रभू येशूने उपवास करा की करू नका, याविषयी लांबलचक नियम घालून दिले नाहीत. त्याने स्वतः अरण्यात चाळीस दिवस उपवास केला आणि डोंगरावरील प्रवचनात शिष्यांना एवढेच बजावले की, उपवास करताना चेहरे सुकवून लोकांना दाखवू नका. त्याच प्रवचनात उपवासाच्या जोडीला आणखी दोन गोष्टी येतात : दानधर्म आणि प्रार्थना. ही तिन्ही सूत्रे एकत्र आहेत, हे पुढील सगळा इतिहास वाचताना विसरून चालणार नाही.

पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास सिद्ध झालेल्या 'दिदाखे' या छोट्या ग्रंथात ख्रिस्ती लोकांनी बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करावा असे सांगितले आहे. ज्यू लोक सोमवारी आणि गुरुवारी उपवास करीत. त्यांच्याहून आपले वेगळेपण जपण्यासाठी हे दिवस निवडले गेले. दुसऱ्या शतकातील अथेन्सचा तत्त्वज्ञ अरिस्तायदीस याने सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना एक विलक्षण माहिती दिली आहे. आपल्यात कोणी गरीब असला आणि त्याला देण्याइतके अन्न घरात शिल्लक नसले, तर हे लोक दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याची भूक भागवितात, असे तो लिहितो. त्याच शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात तर उपवासाचा हिशेबच मांडला आहे. उपवासाच्या दिवशी न खाल्लेल्या अन्नाची किंमत काढावी आणि तेवढी रक्कम एखाद्या विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी, म्हणजे तो उपवास परमेश्वराला मान्य होईल, अशी ती शिकवण आहे. यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात खऱ्या उपवासाविषयी जे सांगितले, ते या साध्याभोळ्या हिशेबात उतरले होते.

उपवासाच्या काळाविषयी मात्र आरंभी एकवाक्यता नव्हती. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिऑनचे बिशप संत इरेनियस यांनी पोप व्हिक्टर यांना लिहिलेल्या पत्रात, पुनरुत्थानाच्या सणापूर्वी कोणी एक दिवस उपवास करतात, कोणी दोन, तर कोणी चाळीस तास, असे नमूद केले आहे. चाळीस दिवसांचा उपवासकाळ चौथ्या शतकात स्थिरावला. आपल्या कोंकणी बांधवांचा 'कोरेज्म' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे आणि त्याच्या मुळाशी 'चाळिसावा' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पाचव्या शतकात पोप संत लिओ थोर यांनी उपवासकाळातील प्रवचनांतून तीच जुनी शिकवण पुन्हा सांगितली : आपण जे खाण्याचे टाळले ते गरिबाच्या ताटात गेले पाहिजे.

या प्रारंभीच्या काळात उपवासाच्या शारीरिक लाभाची चर्चा फारशी आढळत नाही. उपवासाचा पहिला लाभार्थी शेजारचा भुकेला माणूस होता.

मठातील मोजमाप

चौथ्या शतकात संत बेझिल यांनी उपवासावर दिलेली प्रवचने प्रसिद्ध आहेत. त्यांत वैद्यकाचा धागा स्पष्ट दिसतो. प्रकृतीची सबब सांगून उपवास टाळणाऱ्यांना ते विचारतात की, वैद्य रोग्याला पंचपक्वान्ने सांगतो की लंघन? हलके गलबत लाटांवरून सुखरूप जाते आणि मालाने ठासून भरलेले गलबत बुडते, असा दृष्टान्तही ते देतात. पण संत बेझिल एवढ्यावर थांबत नाहीत. मांस वर्ज्य करून भावाशी भांडत राहणाऱ्याचा उपवास व्यर्थ आहे, हेही ते ठणकावून सांगतात.

अरण्यातील तपस्व्यांमध्ये कडक उपवासाची जणू चढाओढ लागली होती. तिचे दुष्परिणाम योहान कासियन यांनी जवळून पाहिले. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या ग्रंथांत त्यांनी खादाडपणाला आठ दुर्गुणांत पहिले स्थान दिले. पण त्याचबरोबर अतिरेकी उपवासही खादाडपणाइतकाच घातक असतो, असा इशारा दिला. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, म्हणून सर्वांना एकच माप लावता येत नाही, हा त्यांचा सिद्धान्त होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत हाच विवेक अंगीकारला. दिवसाला एक पौंड भाकरी, दोन शिजवलेले पदार्थ आणि थोडा द्राक्षरस एवढा आहार त्यांनी मठवासीयांना आखून दिला. काम जास्त असेल, तर मठाधिपतीने त्यात वाढ करावी. चतुष्पाद प्राण्यांचे मांस सर्वांनी वर्ज्य करावे, पण अशक्त आजाऱ्यांना ते द्यावे, असे त्यांनी सांगितले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी उपवासाची तीन प्रयोजने सांगितली : वासनांना लगाम घालणे, मन ईश्वरी चिंतनासाठी मोकळे करणे आणि पापांचे परिमार्जन करणे. या यादीत आरोग्य नाही. मात्र निसर्गाला आवश्यक तेवढे अन्न नाकारू नये, हे त्यांनी आवर्जून सांगितले. वाढत्या वयाच्या मुलांना त्यांनी एकविसाव्या वर्षापर्यंत उपवासातून सूट दिली आणि पोटभर एका जेवणाचीही शाश्वती नसलेल्या भिकाऱ्यालाही त्या नियमातून वगळले. ज्याच्या वाट्याला रोजच उपवास, त्याला आणखी उपवास कशाला सांगायचा?

नियम आला की पळवाटही येते. प्राचीन काळी उपवासाचे एकमेव जेवण सूर्यास्तानंतर होत असे. पुढे ते दिवसाच्या नवव्या प्रहरघटिकेला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आले आणि चौदाव्या शतकापर्यंत भर दुपारी बारावर येऊन ठेपले. 'नववी' या अर्थाच्या 'नोना' या लॅटिन शब्दापासून बनलेला इंग्रजी 'नून' हा शब्द आज मध्यान्हीचा वाचक आहे, तो या सरकण्यामुळेच. जेवण लवकर झाले म्हणून संध्याकाळी भूक लागू लागली. तेव्हा मठात संध्याकाळी कासियन यांचे 'कोलातिओनेस' हे संवाद वाचले जात, त्या वेळी घेतल्या जाणाऱ्या अल्पाहारालाच 'कोलेशन' हे नाव पडले. खादाडपणावर आसूड ओढणाऱ्या लेखकाच्या ग्रंथाचे नाव फराळाला मिळावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा! सतराव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या चॉकलेटच्या पेयाने उपवास मोडतो की नाही, यावर युरोपात मोठा वाद झाला आणि द्रवाने उपवास मोडत नाही असा निर्वाळा कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी दिला.

संत इग्नेशियस यांनी केलेला भेद

अतिरेक आणि पळवाट या दोन टोकांमधून वाट काढण्याचे काम येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी केले; पण त्याआधी त्यांनी अतिरेकाची पुरेपूर किंमत मोजली. १५२२ ते १५२३ या काळात मान्रेसा येथे त्यांनी अत्यंत कठोर तप केले. एकदा तर त्यांनी आठवडाभर अन्नाला स्पर्श केला नाही. शेवटी कबुलीसंस्कार देणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली तेव्हाच तो उपवास सुटला. त्यानंतर आयुष्यभर ते पोटाच्या विकाराने त्रस्त राहिले. ३१ जुलै १५५६ रोजी त्यांचे निधन झाल्यावर शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोम्बो यांनी त्यांच्या देहाचे विच्छेदन केले, तेव्हा शरीरात पुष्कळ खडे आढळले. त्यांच्या वेदनांचे सारे खापर उपवासावर फोडता येत नाही, एवढे यावरून दिसते. पण स्वतः इग्नेशियस यांनी आपल्या तरुणपणीच्या अतिरेकातून घ्यायचा तो धडा घेतला. १५४८ मध्ये त्यांनी गांदियाचे सरदार फ्रान्सिस बोर्जिया यांना पत्र लिहून उपवास कमी करण्याचा आणि पोट बळकट करण्याचा सल्ला दिला. शरीरही परमेश्वराचेच आहे आणि त्याचा हिशेब द्यावा लागेल, हा त्या पत्राचा आशय होता.

आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात त्यांनी एक भेद केला आहे. अनावश्यक अन्न सोडणे म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. तो केवळ संयम होय. जे आपल्याला योग्य आणि उचित आहे, त्यातून काही सोडले तर ते प्रायश्चित्त. आणि तेही प्रकृतीला अपाय न होता. आपल्या विषयाची गुरुकिल्ली या भेदात आहे. वैद्य आपल्याला जे सांगतो, ते पहिल्या प्रकारचे : साखर कमी करा, मीठ कमी करा, रात्री उशिरा जेवू नका. ते पाळणे हा शहाणपणा आहे, कर्तव्यही आहे. पण त्याला त्याग म्हणता येत नाही. आपल्या हक्काच्या घासातून काढलेला घास दुसऱ्या प्रकारात मोडतो.

कॉर्नारो यांचा तराजू आणि लेसियुस यांचा ग्रंथ

याच सुमारास इटलीतील पादुआ येथे लुईजी कॉर्नारो नावाचे एक व्हेनिशियन श्रीमंत गृहस्थ राहत होते. तरुणपणी त्यांनी खाण्यापिण्यात कोणतेही बंधन पाळले नाही. पस्तीस ते चाळीस या वयात शरीर इतके खंगले की, मिताहार हाच शेवटचा उपाय असे वैद्यांनी सांगितले. कॉर्नारो यांनी तो मनावर घेतला. भाकरी, अंडे, मांस आणि सार मिळून दिवसाला बारा औंस अन्न आणि चौदा औंस द्राक्षरस, असे माप त्यांनी ठरविले. म्हणजे दिवसभराचे अन्न साधारण साडेतीनशे ग्रॅम! वृद्धापकाळी नातलगांच्या आग्रहाखातर त्यांनी दोन्हींत दोन-दोन औंसांची वाढ केली, तर थोड्याच दिवसांत ते चिडखोर आणि उदास बनले आणि तापाने अंथरुणाला खिळले. जुन्या मापावर परतताच त्यांची प्रकृती सुधारली. १५५८ मध्ये त्यांनी 'संयमी जीवनाविषयी' आपला पहिला प्रबंध प्रसिद्ध केला आणि १५६६ मध्ये, ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, ते निवर्तले.

कॉर्नारो यांचा उद्देश सरळ होता : निरोगी आणि दीर्घ आयुष्य. त्यांच्या अनुभवाला धर्मचिंतनाची जोड दिली ती बेल्जियममधील येशूसंघीय धर्मगुरू लिओनार्ड लेसियुस यांनी. लेसियुस (१५५४-१६२३) हे लूव्हेन येथे ईशज्ञान शिकवीत. न्याय आणि व्यापार यांवरील त्यांचा ग्रंथ युरोपभर गाजला होता. त्यांची स्वतःची प्रकृती नाजूक असे. कॉर्नारो यांची पद्धत त्यांनी स्वतःवर आजमावली आणि १६१३ मध्ये अँटवर्प येथे 'हिगियास्तिकॉन' हा आरोग्यविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला कॉर्नारो यांच्या प्रबंधाचा लॅटिन अनुवाद जोडला. आपल्याकडे राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. एकाच संघाचे हे दोन समकालीन धर्मगुरू. एक मराठीत मुक्तीची कथा सांगत होता, तर दुसरा लॅटिनमध्ये शरीराचे पथ्य.

एका ईशज्ञान्याने वैद्यकावर का लिहावे, असा आक्षेप येणार हे लेसियुस यांना ठाऊक होते. त्यांचे उत्तर असे की, बैठे काम करणारे विद्यार्थी, धर्मगुरू आणि संन्यासी अतिआहाराने आपली बुद्धी, स्मरणशक्ती आणि प्रार्थनेची गोडी गमावून बसतात. म्हणून हा विषय आत्म्याशी निगडित आहे. आहाराचे माप ओळखण्याची त्यांची कसोटी आजही उपयोगी पडावी अशी आहे. जेवणानंतर प्रार्थना, अभ्यास किंवा इतर बौद्धिक काम करणे जड जात असेल, तर माप ओलांडले गेले आहे असे समजावे आणि आहार एकदम न घटविता हळूहळू कमी करावा. पोटाचे माप ठरवायला त्यांनी प्रार्थनेची कसोटी लावली, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. १६३४ मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केंब्रिज येथे प्रसिद्ध झाला आणि त्यातील कॉर्नारो यांच्या प्रबंधाचा अनुवाद अँग्लिकन धर्मोपदेशक कवी जॉर्ज हर्बर्ट यांनी केला होता. ख्रिस्ती पंथांत वैर पेटलेले असताना एका येशूसंघीयाचे पथ्य अँग्लिकन घरांत पोहोचले.

त्याच काळात, १६१४ मध्ये, पादुआचेच प्राध्यापक सांतोरियो सांतोरियो यांनी आपला मोजमापाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून ते आपले अन्न, पेय, मल, मूत्र आणि शरीराचे वजन वर्षानुवर्षे मोजत राहिले. खाल्लेल्या अन्नाच्या वजनाचा बराच मोठा भाग नकळत, घाम आणि श्वास यांवाटे निघून जातो, असे त्यांना आढळले. शरीरात अन्नाचे काय होते हे आकड्यांनी सांगण्याचा हा आरंभ होता.

कॉर्नारो यांच्यावर टीकाही झाली. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांनी १८८९ मध्ये म्हटले की, त्यांनी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली. त्यांची पचनशक्तीच मंद होती, म्हणून त्यांना कमी अन्न पुरत असे. टीका बोचरी असली, तरी तिच्यात तथ्य आहे. एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. तो काढण्यासाठी विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली.

आधुनिक वैद्यकाची साक्ष

१९३५ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. जीवनसत्त्वे पुरेशी देऊन उष्मांक मात्र कमी केले, तर उंदीर अधिक काळ जगतात, असे त्यांना दिसले. पुढे माणसाच्या शरीरातील क्रियाही उलगडल्या. जेवणानंतर यकृत जास्तीची साखर साठवून ठेवते. अन्न मिळेनासे झाले की साधारण एका दिवसात हा साठा संपत येतो आणि मग शरीर चरबी जाळू लागते. यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते. दीर्घ उपवासात मेंदूही या द्रव्यांवर काम चालवतो, हे बोस्टनमध्ये जॉर्ज कॅहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले.

लेसियुस ज्या लूव्हेनमध्ये शिकवीत, तेथील कॅथॉलिक विद्यापीठात विसाव्या शतकात क्रिस्तियान द ड्यूव्ह हे प्राध्यापक होते. पेशी आपल्यातील जुने, निकामी भाग स्वतःच पचवून पुन्हा वापरते, या क्रियेला त्यांनी १९६३ मध्ये 'ऑटोफॅजी', म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले. त्यांना १९७४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवून ही क्रिया कशी चालते याचा शोध लावला आणि त्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक लाभले. उपासमारीत पेशी स्वतःची साफसफाई करते, हे त्यामुळे सिद्ध झाले. मात्र यीस्टच्या पेशीवरून माणसाच्या आठवड्याच्या उपवासाचे फळ थेट काढणे घाईचे ठरेल.

माणसांवरील अभ्यास अधिक संयत भाषेत बोलतात. ग्रीसमधील क्रीट बेटावर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षातील जवळपास निम्मे दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. तेथे उपवास पाळणाऱ्या साठ आणि न पाळणाऱ्या साठ जणांचा वर्षभर अभ्यास झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपवासकाळानंतर उपवासकऱ्यांचे कोलेस्टेरॉल कमी आढळले. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका दोन वर्षांच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. निरोगी माणसांनी आहारात सुमारे बारा टक्के कपात केली, तरी रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारले. चीनमधील ग्वांगचौ येथे १३९ स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र एक गोष्ट पुढे आली. ठरावीक तासांतच खाणारे आणि दिवसभरात केव्हाही, पण तितकेच मोजून खाणारे, यांच्या वजनातील घटीत लक्षणीय फरक नव्हता. कॉर्नारो यांच्या तराजूचा हा जणू विजयच. घड्याळापेक्षा माप महत्त्वाचे ठरले.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. रमझानच्या उपवासासंबंधी २००१ मध्ये १३ देशांतील १२,२४३ मधुमेही मुस्लिम बांधवांचा अभ्यास झाला. रक्तशर्करा धोकादायक रीतीने खाली जाण्याचे प्रमाण उपवासाच्या महिन्यात पहिल्या प्रकारच्या मधुमेहात सुमारे पाच पट आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात साडेसात पट वाढले. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता उपाशी राहणे ही भक्ती नसून संकटाला आमंत्रण आहे.

आणखी एका प्रयोगाची आठवण केली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात कोट्यवधी लोक उपासमारीने गांजले होते. त्यांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजावे म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना १९४५ मध्ये चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. हे तरुण सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे होते. त्यांतील बरेच जण शांतिवादी ख्रिस्ती पंथांचे होते. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले. ते चिडखोर, खिन्न झाले. रात्रंदिवस अन्नाचेच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले. दीर्घ उपासमारीने मन आपोआप ईश्वराकडे वळत नाही; ते भाकरीभोवतीच घोटाळते, हे या प्रयोगाने दाखविले. कासियन यांनी पंधराशे वर्षांपूर्वी दिलेला इशारा प्रयोगशाळेत खरा ठरला. तरीही या तरुणांची भूक मला अरिस्तायदीस याने वर्णिलेल्या उपवासाच्या फार जवळची वाटते. दुसऱ्याला जेवता यावे म्हणून ते उपाशी राहिले होते.

नियम सैल झाले, अपेक्षा वाढल्या

जुन्या पिढीला आठवत असेल, ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. पोप पायस बारावे यांनी १९५३ मध्ये पाण्याची मुभा दिली आणि १९५७ मध्ये ही मर्यादा तीन तासांवर आणली. पोप पॉल सहावे यांनी १९६४ मध्ये ती एका तासावर आणली. १७ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांनी प्रायश्चित्ताविषयी प्रेषितीय संविधान प्रसिद्ध केले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांनी मांसवर्जन पाळायचे आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत उपवास करायचा. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोन दिवस उपवासाचे. स्थानिक धर्माध्यक्ष मंडळांना या नियमांऐवजी दयेची कृत्ये आणि भक्तीच्या इतर साधना सुचविण्याचा अधिकारही आहे.

ख्रिस्तसभेने उपवास सोपा केला, असे अनेकांना वाटते. पॉल सहावे यांचे संविधान वाचले की वेगळे चित्र दिसते. जेथे समृद्धी आहे, तेथे ख्रिस्ती माणसाने संयमाची साक्ष द्यावी आणि गरीब बांधवांशी नाते जोडावे. जेथे दारिद्र्य आहे, तेथे आपले दुःख प्रभूला अर्पावे आणि न्यायासाठी झटावे, असा त्याचा भाव आहे. नियमांचे ओझे कमी करून त्यांनी ती जबाबदारी आपल्या विवेकावर टाकली. जर्मनीतील कॅथॉलिकांनी १९५८ मध्ये जगातील भूक आणि रोग यांविरुद्ध 'मिझेरिओर' ही उपवासकाळातील मोहीम सुरू केली. आपल्या देशात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या 'कारितास इंडिया'नेही उपवासकाळात अशीच मोहीम चालविली. हर्मासचा हिशेब असा नव्या रूपात आपल्या देवळाच्या दारापर्यंत आला.

आपल्या घरात

या साऱ्या इतिहासाकडे पाहिले की दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. एक पथ्याचा, दुसरा प्रायश्चित्ताचा. त्यांचे वैर नाही. लेसियुस यांच्या ग्रंथात ते हातात हात घालून चालतात. पण ते एकच आहेत असे मानले की घोटाळा होतो आणि तो आपल्या घरांतून रोज दिसतो.

मधुमेह झालेली आजी उत्तम शुक्रवारी औषधाची गोळी घेऊन उपाशी राहते आणि दुपारी चक्कर येऊन पडते. तिला कोणीतरी प्रेमाने सांगायला हवे की, ख्रिस्तसभेने साठीनंतर तिला या नियमातून केव्हाच मोकळे केले आहे. वेळेवर जेवणे आणि डॉक्टरांचे ऐकणे हेच तिचे आज्ञापालन आहे. संत इग्नेशियस यांनीही धर्मगुरूंच्या आज्ञेवरून उपवास सोडला होता. तिला त्याग करायचाच असेल, तर गोड बोलणे, मनातील जुनी अढी सोडणे आणि नातवंडांसोबत रोझरी म्हणणे तिला कोणत्याही वयात करता येईल.

दुसरीकडे शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून बाजारातील सर्वांत महागडे पापलेट घरी येते. नियम तंतोतंत पाळला जातो आणि उपवास मात्र दाराबाहेरच राहतो. तिसरीकडे एखादी तरुणी किंवा तरुण सडपातळ दिसण्यासाठी जेवण सोडतो आणि त्याला उपवासकाळाचे नाव देतो. वजन कमी व्हावे ही इच्छा वाईट नाही. पण आरशासमोर सुरू होऊन आरशासमोरच संपणाऱ्या उपवासात प्रभूला आणि शेजाऱ्याला जागा उरत नाही. वाढत्या वयात असे वागणे धोक्याचेही आहे. अशा मुलामुलींकडे पालकांनी वेळीच लक्ष द्यावे.

मग निरोगी माणसाने काय करावे? डॉक्टर जे कमी करायला सांगतात, ते वर्षभर कमी करावे आणि त्याला पथ्य म्हणावे. त्याबद्दल देवाकडून पुण्याची अपेक्षा धरू नये. निरोगी शरीर हेच त्याचे फळ आहे. उपवासकाळात मात्र आपल्या हक्काच्या, आपल्याला आवडणाऱ्या, प्रकृतीला चालणाऱ्या अन्नातून काही बाजूला काढावे. त्याची किंमत घरातील एखाद्या डब्यात टाकत जावी आणि पुनरुत्थानाच्या सणापूर्वी तो डबा मुलांच्या हाती देऊन धर्मग्रामातील एखाद्या गरजू घरी पोहोचवावा. किती रुपये जमले याला महत्त्व नाही. आपल्या ताटातून उचललेला घास कोणाच्या तरी ताटात पडला, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे, याला महत्त्व आहे.

असा उपवास शरीरालाही हितकारक ठरेल, यात शंका नाही. बारा औंसांचा तराजू प्रत्येक घरात नको. पण जेवून उठल्यावर प्रार्थनेला बसता येते का, ही लेसियुस यांची कसोटी आणि वाचलेले अन्न कोणाकडे गेले, हा हर्मासचा प्रश्न, एवढे दोन विचार जरी येत्या उपवासकाळात आपण मनात बाळगले, तरी चाळीस दिवसांचे सार्थक होईल.